खचत चाललेली काळी जमीन : पीट प्रदेशात पाणी परत आणण्याचे प्रयोग

शेतीला पाणी जितके आवश्यक तितकाच त्याचा निचराही आवश्यक असतो, ही गोष्ट कृष्णाकाठच्या बागाईतदारास सांगावयास नको. सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांत पाणथळ व क्षारयुक्त झालेल्या जमिनी सुधारण्यासाठी शेतकरी चर खणतात, जमिनीत सच्छिद्र नळ्या पुरतात आणि साचलेले पाणी ओढ्यात काढून देतात. असे असता, पृथ्वीच्या पाठीवर काही ठिकाणी उत्तम पिकाऊ जमिनीतील चर अडवावेत, पंप थांबवावेत आणि शेकडो वर्षे उपसून टाकलेले पाणी जमिनीत पुन्हा चढू द्यावे, असा सल्ला तेथील शास्त्रज्ञ देत आहेत, हे ऐकून आपल्या वाचकांस नवल वाटेल. ही जमीन म्हणजे सखल प्रदेशातील पीटची जमीन होय. तिचे प्रकरण समजून घेण्यासारखे आहे. कारण जमिनीतील सेंद्रिय कर्ब कसा टिकतो आणि कसा नाहीसा होतो, हे ह्या एका जमिनीत जितके उघड दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसत असेल.

पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. सखल जागी पाणी बारमाही तुंबून राहिले म्हणजे तेथील नळ, लव्हाळे, शेवाळ इत्यादी वनस्पतींचे अवशेष पाण्याखाली दबतात. हवेच्या मानाने पाण्यात प्राणवायूचा प्रसार सुमारे दहा हजार पटींनी मंद असतो. त्यामुळे कुजविणाऱ्या जंतूंचे काम जवळजवळ थांबते आणि दर वर्षी थोडा थोडा पाचोळा न कुजता शिल्लक राहतो. हा थर वर्षाला सरासरी एक मिलिमीटरच्या आसपास वाढतो. म्हणजे एक मीटर जाडीचा पीट तयार होण्यास सुमारे हजार वर्षे लागतात. अशा जमिनीने जगाच्या भूभागापैकी अवघा तीन टक्के भाग व्यापला आहे. तथापि, जगातील सर्व अरण्यांतील वृक्षवनस्पतींमध्ये मिळून जितका कर्ब आहे त्याहून अधिक कर्ब ह्या तीन टक्क्यांत साठलेला आहे.

फेन प्रदेशाची हकीकत

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर वॉश नावाचा उथळ उपसागर आहे. त्याच्या भोवती सुमारे चार हजार चौरस किलोमीटरचा सपाट मुलूख पसरला असून त्यास फेन प्रदेश म्हणतात. ग्रेट ऊझ, नीन, वेलंड व विदम ह्या नद्या ह्याच मुलखातून समुद्रास मिळतात. समुद्राकडील भागात गाळाची जमीन आहे आणि आतल्या, विशेषतः दक्षिणेकडील, भागात पीट आहे. सतराव्या शतकापर्यंत हा आतला भाग बहुतांशी दलदलीचा होता. मासे, बाम, रानबदके, छपरासाठी नळ आणि उन्हाळ्यात गुरांना चराई, ह्यांवर तेथील लोकांचा निर्वाह चाले.

१६३० नंतरच्या दशकात बेडफर्डचा अर्ल व त्याचे भागीदार ह्यांनी भांडवल घातले आणि कॉर्नेलियस फर्माउडन ह्या डच स्थापत्यविशारदाकरवी ह्या दलदलीचा निचरा करण्याचे काम हाती घेतले. नदीचे वळणावळणाचे पात्र टाळून समुद्राकडे सरळ जाणारे कालवे खणण्यात आले. स्थानिक रहिवाशांनी ह्यास कडवा विरोध केला. त्यांची चराई व मासेमारी ह्या कामाने बुडत होती आणि निघालेली जमीन मात्र भांडवलदारांच्या वाट्यास जात होती. हा विरोध पुढे मोडून निघाला आणि निचऱ्याखालचे क्षेत्र वाढत गेले.

निघालेली जमीन अतिशय सुपीक होती. काळीभोर, भुसभुशीत, दगडाचा खडा नसलेली, नांगरास हलकी. परंतु पाणी काढताच ती खचू लागली. जमीन खचली म्हणजे ती नदीच्या पातळीखाली जाते आणि चरांतील पाणी आपोआप नदीत उतरेनासे होते. मग पाणी उचलण्यासाठी पवनचक्क्या उभारण्यात आल्या. पवनचक्क्यांनी अधिक पाणी उपसले, जमीन अधिक खचली. पवनचक्क्या अपुऱ्या पडल्या तेव्हा एकोणिसाव्या शतकात वाफेची इंजिने आली, त्यानंतर डिझेलची, त्यानंतर विजेची. आज ह्या मुलखात नद्या व मुख्य कालवे भोवतालच्या शेतांहून उंचीवरून वाहतात आणि दोन्ही बाजूंच्या बांधांवर त्यांचा भरवसा आहे. सेंट जर्मन्स येथील पंपगृह २०१० च्या सुमारास नव्याने बांधण्यात आले. त्याची क्षमता सेकंदाला १०० घनमीटर पाणी उपसण्याची आहे. निचरा केला म्हणून जमीन खचली, आणि जमीन खचली म्हणून अधिक निचरा करावा लागला, असे हे चक्र साडेतीनशे वर्षे चालले आहे.

जमीन किती खचली ह्याचा पुरावा हंटिंग्डनजवळ होम फेन येथे उभा आहे. तेथील व्हिटलसी मिअर हे दक्षिण इंग्लंडच्या सखल भागातील सर्वांत मोठे सरोवर १८५१ मध्ये उपसून कोरडे करण्यात आले. ह्या कामी ॲपोल्ड ह्यांचा केंद्रोत्सारी पंप वापरला होता. हा पंप त्याच वर्षीच्या लंडनच्या भव्य प्रदर्शनात लोकांनी पाहिला होता. जमीन खचणार हे जमीनदारास ठाऊक होते, म्हणून त्याने पीटचा थर भेदून खालच्या चिकणमातीत एक लोखंडी खांब रोवून घेतला. खांबाचे डोके त्या वेळी जमिनीशी समपातळीत होते. पहिल्या दहा वर्षांतच ते सुमारे दीड मीटर उघडे पडले आणि आज ते जमिनीपासून सुमारे चार मीटर उंच आहे. खांब जागचा हललेला नाही. जमीन खाली गेली आहे. ही जागा समुद्रसपाटीच्या सुमारे पावणेतीन मीटर खाली असून ग्रेट ब्रिटनमधील सर्वांत सखल भूमी म्हणून ओळखली जाते.

लागवडीखालच्या फेन जमिनीत आजही वर्षाकाठी एक ते दोन सेंटिमीटरपर्यंत जमीन जाते. रस्ते लाटांसारखे उंचसखल झाले आहेत, आणि काही जुन्या घरांच्या दारांना मागाहून पायऱ्या जोडाव्या लागल्या आहेत. नांगराच्या फाळास हजारो वर्षांपूर्वीच्या ओक वृक्षांचे काळे पडलेले ओंडके लागतात. ते पीटमध्ये गाडलेले होते. वरची माती सरली तसे ते वर आल्यासारखे भासतात. वसंत ऋतूत जमीन उघडी असताना कोरडा वारा सुटला तर माती, खत आणि पेरलेले बी एकदमच उडून शेजारच्या चरात जाते. पुष्कळ ठिकाणी नांगर आता पीटमधून खालच्या चिकणमातीस लागू लागला आहे. त्या शेतकऱ्यापुढे प्रश्न हवेतील वायूंचा नंतरचा आहे. आपल्या नातवास काय कसावयास मिळणार, हा आधीचा.

माती जाते कोठे

पाणी काढल्यावर जमीन खाली बसण्याची कारणे तीन आहेत. पहिले, पाण्याचा आधार गेल्यामुळे थर आपल्याच वजनाने दबतो. दुसरे, वाळल्यामुळे तो आकसतो. ही दोन्ही कामे पहिल्या काही वर्षांत बहुतांशी आटोपतात. तिसरे कारण मात्र पीट संपेपर्यंत चालू राहते. हवा आत शिरताच हजारो वर्षे निद्रिस्त असलेले कुजण्याचे कार्य सुरू होते. जंतू तो जुना पाचोळा खातात आणि त्यातील कर्ब प्राणवायूशी संयोग पावून कार्बन डाय-ऑक्साइडच्या रूपाने हवेत जातो. लाकूड चुलीत जळते तेव्हा जे घडते तेच येथे ज्वाळेवाचून घडते. शिवाय पीटमधील नत्रही मोकळे होते. त्याचा काही भाग पिकास मिळतो, म्हणूनच नवी निघालेली पीट जमीन इतकी सुपीक भासते. काही भाग नायट्रस ऑक्साइड ह्या वायूच्या रूपाने निघून जातो, आणि हा वायू वजनास वजन धरता कार्बन डाय-ऑक्साइडहून शेकडो पटींनी अधिक उष्णता रोखणारा आहे.

हिशेब सोपा आहे. एक हेक्टरवरील एक सेंटिमीटर जाडीचा थर म्हणजे १०० घनमीटर माती. तिचे कोरडे वजन घनमीटरमागे २०० किलो धरले तर ते २० टन भरते आणि त्यात निम्मा कर्ब मानला तर १० टन. एक टन कर्बापासून सुमारे ३.६७ टन कार्बन डाय-ऑक्साइड होतो. म्हणजे ह्या थरातील सर्व कर्ब जळून गेल्यास हेक्टरी सुमारे ३७ टन वायू हवेत जाईल. प्रत्यक्षात खचण्याचा काही भाग दबण्याचा व वाऱ्याने उडण्याचा असल्यामुळे आकडा ह्याहून कमी येतो. समशीतोष्ण प्रदेशातील निचरा केलेल्या पीटवर पिके घेतल्यास वर्षाला हेक्टरी ७.९ टन कर्ब, अर्थात सुमारे २९ टन कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो, असे प्रमाण हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाने २०१३ च्या मार्गदर्शिकेत दिले आहे. युरोपीय संघाच्या एकूण शेतजमिनीपैकी अशी जमीन सुमारे तीन टक्केच आहे. परंतु त्या संघात शेतीमुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनापैकी सुमारे चतुर्थांश तिच्यातून होते. इतक्या थोड्या जमिनीत उपाय केल्याने इतका मोठा परिणाम साधेल असे दुसरे क्षेत्र शेतीत नाही. ह्या विषयाकडे युरोपातील शासनांचे लक्ष अलीकडे वळले आहे ते ह्याच कारणाने.

पाण्याची पातळी हीच किल्ली

पीट कोणत्या प्रकारचा आहे, वर कुरण आहे की पीक आहे, खत किती दिले आहे, ह्या सर्व गोष्टींचा उत्सर्जनावर परिणाम होतो. परंतु पाण्याची पातळी जमिनीच्या पृष्ठभागापासून वर्षात सरासरी किती खोल राहते, ही एकच बाब इतर सर्वांवर मात करते असे दिसून आले आहे. ब्रिटनच्या परिसंस्था व जलविज्ञान केंद्रातील ख्रिस एव्हान्स व त्यांचे सहकारी ह्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे संगतवार मांडले आहे. शेतात उंच खांब उभारून त्यावर वाऱ्याचे वेग व वायूंचे प्रमाण सेकंदासेकंदास मोजणारी उपकरणे बसविली जातात, आणि वर्षभरात शेताने किती वायू घेतला व किती सोडला ह्याचा जमाखर्च त्यावरून काढला जातो. पाणी दर १० सेंटिमीटर वर आणले तर हेक्टरी किमान तीन टन कार्बन डाय-ऑक्साइड इतके उत्सर्जन वर्षाला कमी होते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पातळी पृष्ठभागाखाली ३० सेंटिमीटरपर्यंत येईतो हा हिशेब लागू पडतो. त्याहून वर आणल्यासही लाभ होतच राहतो. मात्र १० सेंटिमीटरच्या आत पाणी आले म्हणजे मिथेनचा प्रश्न डोके वर काढतो.

ह्या निष्कर्षाचे व्यावहारिक महत्त्व शेतकऱ्याच्या चटकन ध्यानी येईल. सर्व शेत बुडविलेच पाहिजे असे नाही. चरातील पाणी ९० सेंटिमीटर खोल ठेवण्याची वहिवाट असेल आणि ते ६० सेंटिमीटरवर ठेवून पीक साधत असेल, तर जमीन हातची न जाता हेक्टरी सुमारे नऊ टनांची बचत होते आणि पीटचे आयुष्यही वाढते. पुष्कळ शेतांत पाणी पिकाच्या गरजेहून खोल ठेवलेले असते, ते केवळ जुन्या वहिवाटीने किंवा अवचित पावसाच्या भीतीने. अशा ठिकाणी ही पायरी पहिली. हिवाळ्यात शेत मोकळे असता पाणी भरावे व पेरणीस सोडावे, ही सूचनाही केली जाते. ती सोयीची आहे, परंतु तिचा गुण मर्यादित आहे. थंडीत कुजण्याचे काम मुळातच मंद असते. खरी हानी उन्हाळ्याच्या उबदार महिन्यांत होते, आणि तेव्हाच पीक शेतात उभे असते.

भातखाचराची शंका

येथे भात पिकविणारा वाचक एक शंका घेईल आणि ती रास्त आहे. भातखाचरात पाणी सतत उभे राहिले तर मिथेन निर्माण होतो, म्हणून खाचर मधूनमधून सुकू द्यावे, असे आपले शेतीखाते सांगते. मग पीटमध्ये पाणी भरण्याचा सल्ला उलटा कसा?

दोन्ही ठिकाणी रसायन एकच आहे. जमिनीत हवा नसली म्हणजे मिथेन तयार करणारे जंतू काम करू लागतात. फरक आहे तो शिलकीत. भातखाचरातील मिथेन मुख्यतः चालू वर्षाच्या मुळांपासून, धसकटांपासून आणि शेणखतापासून होतो. खाचर आठवडाभर सुकविल्याने हजारो वर्षांची ठेव हवेत जाण्याचे भय तेथे नसते. पीटमध्ये नेमके तेच भय आहे. तेथे सुकविणे म्हणजे मुद्दल जाळणे होय. पाणी भरल्यावर मिथेन सुटतो हे खरे, आणि शंभर वर्षांच्या मुदतीत तो वजनास वजन धरता कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे २७ पट तापदायक आहे हेही खरे. परंतु मिथेन हवेत साधारण बारा वर्षे टिकतो, तर कार्बन डाय-ऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतके साचत राहतो. म्हणून बहुतेक पीट जमिनींत पाणी भरण्याचा एकंदर जमाखर्च लाभाचाच निघतो, आणि जितका उशीर होईल तितका तो लाभ घटतो.

तथापि, मिथेनकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. खते घालून कसलेल्या शेतावर एकदम फूटभर पाणी उभे केले, तर वरच्या थरातील ताजा पाला, मुळे व गवत कुजून पहिली काही वर्षे मिथेन मोठ्या प्रमाणावर सुटतो. शिवाय मातीत साठलेला स्फुरद मोकळा होऊन चरांतील पाणी शेवाळते. म्हणून पाणी पृष्ठभागाच्या किंचित खाली राखावे, शेत तळ्यासारखे भरू नये, असा कल आहे. जर्मनी व हॉलंडमध्ये वरचा खतावलेला थर आधी काढून टाकूनही पाहिले आहे. त्याने मिथेन व स्फुरद दोन्ही कमी होतात. परंतु काढलेल्या मातीतील कर्बाचे काय करावयाचे हा प्रश्न उरतो, आणि खर्च तर जबर आहेच.

काम कसे करतात

नकाशावर पाण्याची पातळी वर करणे सोपे असते. शेतात तसे नसते. प्रथम जुन्या नळ्या व चर शोधून त्यांची नोंद करावी लागते, कारण एक विसरलेली नळी सर्व काम फुकट घालवते. मग चरांत जागोजाग अडथळे घालून, फळ्या कमी-अधिक करता येतील अशी दारे बसवितात. हे दार म्हणजे आपल्या कोकणातील खारबांधाच्या उघाडीचाच भाऊबंद. मात्र उघाडी खारे पाणी बाहेर ठेवण्यासाठी असते, आणि हे गोडे पाणी आत ठेवण्यासाठी. शेताच्या कडेने पीटचा किंवा चिकणमातीचा भक्कम बांध घालतात, नाहीतर पाणी झिरपून शेजाऱ्याच्या बटाट्यात शिरते. पातळी पाहण्यासाठी शेतात ठिकठिकाणी भोके पाडलेल्या उभ्या नळ्या पुरून ठेवतात व त्यांतील पाणी वरचेवर मोजतात.

ह्यात एक गोम आहे. वर्षानुवर्षे नांगरलेला पीट बारीक होऊन घट्ट बसतो आणि त्यातून पाणी आडवे फार सावकाश सरकते. त्यामुळे उन्हाळ्यात चर काठोकाठ भरलेला असला तरी शेताच्या मध्यावर पाणी बरेच खोल गेलेले आढळते. हॉलंडमध्ये ह्यावर जमिनीत नळ्यांचे जाळे पुरून चरातील पाणी शेताच्या मध्यापर्यंत पोचविण्याचा उपाय योजला गेला. निचऱ्याच्या नळ्या येथे उलट कामास लावल्या आहेत म्हणावयाचे. अनुभव संमिश्र आहे. नळ्या नुसत्या चराला जोडून ठेवल्या तर काही ठिकाणी उत्सर्जनात फरक दिसला नाही. दाब देऊन पाणी आत ढकलण्याची व्यवस्था केल्यास पातळी अधिक चांगली राखता येते.

सर्वांत कठीण प्रश्न पाण्याचाच आहे. फेन प्रदेश हा ब्रिटनच्या सर्वांत कोरड्या भागांपैकी एक असून तेथे वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटरच्या आत-बाहेर, म्हणजे आपल्या सोलापूर-अहिल्यानगरकडील पर्जन्यमानाच्या जवळपासच पडतो. तो वर्षभर विखुरलेला असतो एवढेच. हिवाळ्यात पंप अहोरात्र चालवून पाणी समुद्रात फेकावयाचे आणि उन्हाळ्यात शिंपणासाठी पाणी शोधत फिरावयाचे, अशी तेथील स्थिती आहे. २०२२ च्या अवर्षणात हे फार जाणवले. हिवाळ्याचे पाणी साठविण्याची सोय झाल्यावाचून उन्हाळ्यात पीट ओला ठेवणे शक्य नाही. ह्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी इंग्लंडच्या शासनाने नेमलेल्या कृतिदलाने २०२३ मध्ये अहवाल दिला. त्याचे अध्यक्ष रॉबर्ट कॉडवेल हे स्वतः शेतकरी आहेत, आणि अहवालात पाण्याच्या नियोजनावर दिलेला भर पाहता तो शेतकऱ्याच्या हातचा आहे हे कळून येते.

ओल्या जमिनीत काय पिकवावे

इंग्लंडमधील ताज्या भाजीपाल्यापैकी सुमारे एकतृतीयांश माल फेन प्रदेशातून येतो. सॅलड, सेलरी, कांदा, बटाटा, गाजर, साखरबीट ही तेथील मुख्य पिके. ह्या सर्वांच्या मुळांना हवा लागते. पाणी ३० सेंटिमीटरच्या वर आले म्हणजे त्यांतील बहुतेक पिके सोडून द्यावी लागतील आणि अवजड यंत्रे शेतात रुततील. उत्तमांतील उत्तम जमीन अशी बाजूस काढली आणि तो भाजीपाला दुसऱ्या देशात दुसऱ्या पीटवर पिकवून आणला, तर हवेच्या दृष्टीने काय साधले, हा तेथील शेतकऱ्यांचा सवाल डावलण्यासारखा नाही. उलट, आज न काढली तरी ती जमीन दोन पिढ्यांत आपोआपच संपणार आहे, हे उत्तरही खोडून काढता येत नाही.

ह्यातून ओल्या पीटवरील शेतीची कल्पना निघाली. जर्मनीतील ग्राइफ्सवाल्ड येथील शास्त्रज्ञांनी तीस लॅटिनमधील दलदल ह्या अर्थाच्या शब्दावरून पॅलुडिकल्चर असे नाव दिले. जी झाडे मुळातच पाण्यात पाय रोवून उभी राहतात तीच पिके म्हणून घ्यावयाची. पाणकणीस हे त्यांत प्रमुख. आपल्या ओढ्या-तळ्यांच्या काठी उगवणारे, तपकिरी कणसांचे हे गवत आपण तण म्हणून उपटतो. त्याच्या पानांत हवेच्या पोकळ्या असल्यामुळे त्याचे तक्ते भिंतींना उष्णतारोधक म्हणून बसवितात, आणि कणसातील लव जाकिटात कापसाप्रमाणे भरता येते. नळ छपरासाठी पूर्वापार वापरात आहे. स्फॅग्नम नावाचे शेवाळ रोपवाटिकांसाठी वाढवून पाहिले जात आहे. होम फेनच्या परिसरात ग्रेट फेन ह्या योजनेखाली २००१ पासून सुमारे ३,७०० हेक्टर पाणथळ भूमी उभी करण्याचे काम चालले असून, २०१९ पासून तेथे अशा ओल्या पिकांचे प्रयोग हाती घेण्यात आले. जर्मनीत माल्खिन ह्या गावी ओल्या कुरणांतील गवत जाळून घरांना ऊब पुरविणारे केंद्र २०१४ मध्ये सुरू झाले.

हे सर्व आश्वासक असले तरी बाजार अद्याप लहान आहे. पाणकणीस पिकविता येते. ते घेणारा कारखाना जवळ असतोच असे नाही. चिखलात न रुतणारी हलकी, रुंद पट्ट्यांवर चालणारी यंत्रेही थोडी व महाग आहेत.

म्हणून खर्चाचा भार समाजाने उचलावा असे धोरण ठिकठिकाणी येत आहे. हॉलंडने २०१९ च्या हवामान करारात पीटवरील कुरणांतून होणारे उत्सर्जन २०३० पर्यंत वर्षाला दहा लाख टनांनी कमी करण्याचे ठरविले. डेन्मार्कने २०२४ मध्ये शेतकरी संघटना व निसर्गसंस्था ह्यांच्यासह करार करून १ लाख ४० हजार हेक्टर कर्बयुक्त सखल जमीन लागवडीतून काढण्याचे उद्दिष्ट ठेवले. युरोपीय संघाच्या २०२४ च्या निसर्ग पुनःस्थापना कायद्यात शेतीखालील निचरा केलेल्या पीटपैकी ३० टक्के क्षेत्रावर २०३० पर्यंत उपाय योजावेत, आणि त्यातील किमान चतुर्थांशात पाणी भरावे असे आहे; मात्र पाणी भरण्याची सक्ती शेतकऱ्यावर नाही. पाण्यास बांध कळतो, मालकी कळत नाही. एकाने पातळी वाढविली म्हणजे शेजाऱ्यासही ती सोसावी लागते, सबब हे काम एकेका शेताने न होता सबंध खोऱ्याने मिळून करावे लागते. कुळाने कसलेल्या जमिनीत अनुदान कोणाचे, हा वादही तेथे आहेच.

पीटचा निचरा घाईने केल्यास काय होते हे इंडोनेशियाने पाहिले. तेथे १९९६ मध्ये मध्य कालिमंतानात भातासाठी सुमारे दहा लाख हेक्टर दलदलीत कालवे खणण्यात आले. भात पिकला नाही. वाळलेला पीट १९९७ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये महिनोन्महिने जळत राहिला व धुराने शेजारच्या देशांनाही ग्रासले. २०१६ मध्ये त्या शासनास कालवे अडविण्यासाठी स्वतंत्र यंत्रणा नेमावी लागली.

आपल्याकडे काय

महाराष्ट्रात पीटचे शेतीयोग्य प्रदेश नाहीत. कोकणातील खारजमिनी व गोव्यातील खाजणे समुद्राच्या गाळाची आहेत. रंग काळा दिसला तरी ती पीट नव्हे. भारतात ह्या जातीची जमीन पाहावयाची तर केरळातील कुट्टनाडात जावे. तेथे समुद्रसपाटीखालील शेतांत ‘करी’ नावाची, कोळशासारखी काळी, जुन्या लाकडाचे अवशेष असलेली जमीन आहे. ती वाळली की तीव्र आम्ल बनते. पाणी उपसून भात घ्यावयाचा आणि कापणीनंतर शेतात पुन्हा पाणी येऊ द्यावयाचे, ही तेथील परंपरा अशा जमिनीस मानवणारीच आहे.

आपल्या काळ्या जमिनीबाबत मात्र गैरसमज होऊ देऊ नये. तिचा काळेपणा सेंद्रिय पदार्थामुळे नसून मुख्यतः तिच्यातील चिकणमातीच्या घडणीमुळे आहे, आणि पुष्कळ ठिकाणी सेंद्रिय कर्ब एक टक्क्याच्याही खाली आहे. तिच्यात पाणी तुंबविल्याने कर्ब साठणार नाही. क्षार वर येतील आणि जमीन चोपण होईल. कृष्णाकाठी पुरलेल्या निचऱ्याच्या नळ्या योग्यच आहेत व त्या तशाच चालू ठेवाव्यात. आपल्याकडे कर्ब राखावयाचा तो पाचट न जाळता, शेणखत व हिरवळीची खते देऊन आणि विनाकारण नांगरट टाळून.

एका ठिकाणी मात्र आपला ह्या विषयाशी सरळ संबंध येतो. भाजीपाल्याची व फुलझाडांची रोपे ट्रेमध्ये वाढविणारे आपले रोपवाटिकाधारक जे कोकोपीट वापरतात ते नारळाच्या काथ्याचा भुसा होय. नावात पीट असले तरी दलदलीशी त्याचा संबंध नाही. काही हरितगृहांत व कुंड्यांसाठी परदेशातून आणलेला खरा पीटही वापरला जातो. तो दलदल खणून काढलेला असतो आणि कुंडीत हवा लागताच त्यातील कर्बही फेनच्या शेताप्रमाणेच हळूहळू उडून जातो. पिशवीवरील लेबल वाचून दोहोंतील भेद ओळखता येतो. रोपांसाठी कोकोपीट घ्यावयाचे तर ते चांगले धुतलेले व क्षार कमी असलेले आहे ह्याची मात्र विक्रेत्याकडून खात्री करून घ्यावी.